पदराची उलटी बाजू

नाशिकच्या मेन रोडवर साडीच्या दुकानात गादीवर बसलेली कुठलीही बाई बघा. दुकानदार साडी उलगडून पुढ्यात टाकतो आणि रंगाचं कौतुक करत राहतो. ती मात्र आधी पदराचं टोक चिमटीत धरते, अंगठ्याने चोळते, मग पदर उलटा करून मागची बाजू बघते. पोत आणि पाठ कळली की मगच रंगाकडे वळते. हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. आईबरोबर दुकानात बसून बसून हाताला आलेलं असतं.

मालिकेतल्या कपड्याच्या बाबतीत नेमकं हेच करता येत नाही. वर्षभर रोज रात्री ती साडी समोर दिसते, पण तिची पाठ दिसत नाही, वजन कळत नाही, सळसळ ऐकू येत नाही. म्हणून मालिकेच्या प्रसिद्धीसाठी कपड्यांचं दालन उभारायचं ठरलं, माणूस ज्यातून चालत जातो आणि ज्याला या धंद्यात इमर्सिव्ह इन्स्टॉलेशन म्हणतात तसं, तर आराखड्याच्या पहिल्या कागदावर एकच प्रश्न लिहावा: इथे हाताला काय लागणार? नायिकेचा आठ फुटी कटआउट आणि फोटोची चौकट कुठेही उभी करता येते. तेवढ्यासाठी कुणाला गंगापूर रोडवर गाडी लावून आत यायला सांगू नये.

समजा, मालिका पेशवाईतल्या एका घराण्याची आहे. नाशिकला हा विषय परका नाही. राघोबादादांचा मुक्काम असलेली आनंदवल्ली आनंदीबाईंच्या नावाने ओळखली जाते, आणि सराफ बाजारातला सरकारवाडा येता-जाता दिसतो. इथला प्रेक्षक पगडीचा कोन आणि नऊवारीचा कासोटा बघून बोलतो. शिवाय कापडाचं माहेर जवळ आहे. पैठणीचं येवला साधारण ८० किलोमीटरवर, यंत्रमागांचं मालेगाव शंभरेक किलोमीटरवर. एकाच जिल्ह्यातून पदरही येतो आणि भिंतीचं कापडही. ही सोय वापरली नाही तर नाशिकमध्ये दालन करण्यात काय अर्थ?

जागा साधारण ४० बाय ३० फूट धरू, म्हणजे १२०० चौरस फूट. निम्मी जागा मांडणीत जाते, चालायला ६०० उरते. बारा-बारा जणांचा गट दर दोन मिनिटांनी आत सोडला आणि फेरी आठ मिनिटांची असली, तर एका वेळी आत ४८ माणसं आणि तासाला ३६०. माणशी साडेबारा चौरस फूट मिळतात, हे बरं आहे. वाट कुठेही पाच फुटांपेक्षा अरुंद नको, चढ असेल तर १:१२ पेक्षा उभा नको. व्हीलचेअर त्याच वाटेने गेली पाहिजे, मागच्या दाराने नव्हे. हे गणित बिघडतं ते फोटोपाशी. बाराजणांच्या गटात तीन-चार कुटुंबं असतात, प्रत्येकी अर्धं मिनिट धरलं तरी एका जागेवर दोन मिनिटं जातात आणि पुढचा गट येऊन पाठीला लागतो. आजींना मधे बसवून आणखी एक काढायचा ठरला की रांग तुंबते. म्हणून फोटोची जागा बाहेर पडल्यावर ठेवायची, आणि एक नाही, तीन.

भिंतींसाठी फ्लेक्स वापरू नये असं माझं ठाम मत आहे. कापडाच्या दालनाला प्लॅस्टिकची भिंत शोभत नाही, आणि फ्लेक्स दिव्याखाली चकाकतो. मालेगावचं ग्रे कापड, म्हणजे मागावरून उतरलेलं, न धुतलेलं सुती, याला उत्तम. दीड इंची चौरस पाइपच्या ८ बाय ४ फुटांच्या चौकटी बोल्टने जोडायच्या, वरच्या कडेला लाकडी पट्टी, तिच्यावर कापड टॅकरने मारायचं. उंची १० फूट हवी असेल तर खाली दोन फुटांचं जोतं घ्यावं. भिंत एकूण २६० फूट धावत असेल आणि कापडाचा पन्हा ४८ इंच असेल, तर ६५ पट्टे लागतात. प्रत्येकी साडेदहा फूट, म्हणजे सुमारे २०८ मीटर. पण ताणून बसवलेलं सुती कापड चादरीसारखं दिसतं, चुण्या पडल्या तरच ते पडद्यासारखं पडतं. त्यासाठी दीडपट धरा: ३१२ मीटर. त्यावर आटण्यासाठी आठ टक्के, म्हणजे ३४० मीटरला थोडं कमी.

हे आटणं पुष्कळांना शेवटच्या दिवशी कळतं. कापडाला आग लवकर धरू नये म्हणून द्रावणात बुडवावं लागतं. सुती कापडासाठी जुना मेळ आहे: १०० लिटर पाण्याला ७ किलो टाकणखार आणि ३ किलो बोरिक ॲसिड. कोमट पाण्यात विरघळवायचं, हातमोजे घालून. कापड आधीच शिवून चौकटीवर मारलं आणि मग वरून फवारलं, की ते आटतं, खालून चार-पाच इंच उचलतं आणि पट्टीवरचे टाके उसवतात. दुसरी चूक त्याहून लपलेली. ग्रे कापडाच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ लावलेली असते, विणताना धागा तुटू नये म्हणून. ती खळ पाणी आत शिरू देत नाही. द्रावण वरच्यावर वाळतं, पांढरी भुकटी दिसते आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. म्हणून आधी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून खळ काढायची, वाळवायचं, मग द्रावणात बुडवायचं, पुन्हा वाळवायचं आणि मगच कात्री लावायची. एक तुकडा बाहेर मोकळ्यावर नेऊन त्याला १२ सेकंद ज्योत लावून बघा. ज्योत काढल्यावर दोन सेकंदांत विझला पाहिजे आणि जळते थेंब पडता कामा नयेत. हे द्रावण धुतल्यावर किंवा दवात भिजल्यावर निघून जातं हे लक्षात असू द्या. सिंथेटिकला ते चालत नाही, आणि रेशीम-जरीच्या जवळही नेऊ नका. अग्निशमन विभाग दाखला मागत असेल तर बाजारातलं प्रमाणित रसायन घ्यावं लागतं. बाकी परवानग्या, महावितरणची तात्पुरती जोडणी, वीज गळली की तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर, दोन दारं आणि दारांपाशी सहा किलोची विझवणी हे दरवेळचंच आहे, त्यात घासाघीस नको.

आता पुतळे. दुकानात मिळणारा फायबरचा पुतळा पाय जुळवून उभा असतो. सहावारीला चालतो, नऊवारीला अजिबात नाही. कासोटा दोन पायांमधून मागे जातो, त्याला जागा लागते. जुळलेल्या पायांत तो चुरगळून गोळा होतो आणि मागून, जिथे नऊवारीचं खरं सौंदर्य आहे, तिथे बोचकं दिसतं. पावलांत आठ ते दहा इंच अंतर आणि एक पाऊल किंचित पुढे, असा पुतळा घ्यावा किंवा करून घ्यावा. फायबरच्या गुळगुळीत कमरेवर गाठही टिकत नाही, साडी रात्रीतून दोन इंच घसरते. त्यासाठी कमरेभोवती दोन इंची सुती निवारीचे, म्हणजे खाटेला विणतात त्या जाड पट्टीचे, दोन घट्ट वेढे द्यायचे, टाके घालून पक्के करायचे, आणि साडी त्या निवारीला टाचायची. नितंबांवर वॅडिंगचा, म्हणजे कापसासारख्या भरावाचा, पातळ थर, त्यावर होजिअरीचं कापड ओढायचं, म्हणजे निऱ्या हाडावर पडल्यासारख्या न दिसता अंगावर पडल्यासारख्या दिसतात. टाचण्या पितळी किंवा स्टेनलेस. साध्या लोखंडी टाचणीचा गंजाचा ठिपका रेशमातून कधी निघत नाही. सव्वाआठ मीटरचं वस्त्र नेसवायला सराईत हाताला पाऊण तास लागतो, म्हणजे नऊ पुतळ्यांना अख्खा दिवस. हा दिवस वेळापत्रकात कुणी धरत नाही.

पुतळ्याला डोकं नको. चेहरा दिसला की माणूस चेहराच बघतो, कापडाकडे जातच नाही. वाहिनीचे लोक यावर नाराज होतात, कारण त्यांना नायिका दिसायला हवी असते. तिचे फोटो शेवटी, बाहेर पडताना लावा, मोठे लावा.

सेटवरचे खरे कपडे मिळवणं ही वेगळीच कसरत. रोजचं चित्रीकरण चालू असतं, आणि आज जो प्रसंग अर्धा झाला तो परवा त्याच साडीत, त्याच पिनेसकट पुढे जायचा असतो. त्यामुळे कथेतून निवृत्त झालेले कपडे किंवा जास्तीच्या प्रती मागायच्या. प्रत्येक कपड्याचे चारी बाजूंनी फोटो, असलेल्या डागांची नोंद आणि परतीची तारीख हे कागदावर हवं. आणि ते धुऊन मागू नका. चोळीच्या गळपट्टीवर मेकअपचा तांबूस पट्टा असतो, काखेत घामाची कड, पदराच्या आत माइकची वायर लपवायला शिवलेली चिंचोळी पट्टी. हे सगळं टेबलावर पसरून, बाजूला एक भिंग ठेवून दाखवण्यासारखं आहे. पुढून शालू आणि पाठीमागे सहा सेफ्टीपिना. तो कपडा कुणीतरी बारा-बारा तास अंगावर वागवला आहे, हे त्या पट्ट्यावरून कळतं.

कॅमेऱ्यासाठी केलेल्या कपड्याचे नियमही हाताने आणि डोळ्याने दाखवता येतात. बारीक चौकडीचं कापड पडद्यावर पाण्यासारखं हलतं, कारण कापडाची जाळी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकींत अडकतात. एक साधा कॅमेरा, ४३ इंची टीव्ही आणि सहा ते आठ फुटांवर चौकडीची चार-पाच कापडं एवढं पुरतं. आधी घरी करून बघा, कारण नवे कॅमेरे ही थरथर बरीच दाबतात. दहा कापडांतलं एखादंच हवं तसं नाचतं. लोकांनी स्वतः कापड पुढे-मागे करून बघावं. नायिका बारीक चौकडी का नेसत नाही, याला मग पाटी लागत नाही.

तसाच आवाज. कडक ऑरगंझा, टसर, मऊ मलमल अशा तीन कापडांखाली पिएझो माइक, म्हणजे कंपनं पकडणारी चकती, चिकटवायचा, आवाज वाढवणाऱ्या छोट्या प्रीॲम्पमधून कान झाकणाऱ्या हेडफोनमध्ये सोडायचा. बोट फिरवलं की ऑरगंझा पाचोळ्यासारखा कडकडतो आणि मलमल जवळजवळ गप्प. ध्वनिमुद्रण करणारा नायिकेच्या पदराला का घाबरतो हे तिथे समजतं. हेडफोन चार ठेवा, दोन शिल्लक ठेवा. वायर ओढून पहिल्याच दिवशी एक जातो.

रंगाची गोष्ट नाशिकमध्ये सांगायची तर त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांपासून सांगावी लागेल. १९१३ साली त्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामतीची साडी अण्णा साळुंके या पुरुषाने नेसली. त्या काळात सर्रास वापरली जाणारी फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी असे. अशा फिल्मवर लाल लुगडं काळं उमटतं. आपल्याकडे दूरदर्शन रंगीत झालं १९८२ साली, तेव्हा कुठे साडीचा रंग घरातल्या पडद्यावर दिसायला लागला. एका कोपऱ्यात लाल लुगडं, हिरवं लुगडं आणि मधे निळसर काच धरा, एवढ्यावर ही सत्तर वर्षं उलगडतात. त्याच कोपऱ्यात एक कबुलीही द्यावी. पहिला कृत्रिम रंग १८५६ साली निघाला, पेशवाई १८१८मध्ये संपली. मालिकेतली झगझगीत जांभळी साडी त्या काळात कुणी नेसलेली नाही. हे लिहून लावलं म्हणून मालिकेचं काही बिघडत नाही, उलट इथल्या प्रेक्षकाचा विश्वास बसतो.

प्रकाशात चूक झाली तर वरचं सगळं वाया जातं. जुनी, खरी रेशमी साडी कुणी मोठ्या मनाने दिली असेल तर तिच्यावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजायचं माप) जास्त प्रकाश नको. संग्रहालयं हाच आकडा पाळतात. लक्समीटर हातात घेऊन मोजायचं, अंदाज नको. पण मॉलच्या लखलखाटातून आलेल्या डोळ्याला ५० लक्स म्हणजे अंधार. मधे आठ-दहा फुटांची वळणाची वाट, हळूहळू मंद होत जाणारी, ठेवली की डोळे जुळवून घेतात. तिथे पायाखाली मात्र पट्टी हवी. गुडघ्याएवढ्या उंचीवर दोरी बांधू नका, अंधारात तीच पायात येते. दिवे ३००० केल्विनचे, सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९०च्या वर, आणि त्यातही लालाचा आर-नाइन आकडा विचारून घ्या. स्वस्त एलईडीखाली कुंकवाचा लाल विटकरी होतो आणि लोक म्हणतात, टीव्हीत छान दिसत होती. आणखी एक: स्वस्त डिमरवर मंद केलेला दिवा डोळ्याला स्थिर दिसतो, फोनच्या कॅमेऱ्यात मात्र आडवे काळे पट्टे उमटतात. प्रत्येक फोटोत पट्टे, आणि तेच फोटो गावभर फिरणार. एलईडीला वीज पुरवणारा ड्रायव्हर घेण्याआधी दोन-तीन वेगवेगळ्या फोनने तपासा.

पैठणीच्या धूपछाँव रंगाला पुतळा फिरवून दाखवायची टूम आहे. मला ती पटत नाही, फिरणारी साडी जत्रेतल्या पाळण्यासारखी दिसते. ताणा एका रंगाचा, बाणा म्हणजे आडवा धागा दुसऱ्या रंगाचा, त्यामुळे बघणारा हलला की रंग बदलतो. म्हणून साडी स्थिर, कापड एका गोल पृष्ठावर, एकाच बाजूने साधारण ३० अंशांवरून एक दिवा, आणि वाट अर्धवर्तुळाकार. जांभळा हिरव्यात कधी गेला हे चालणाऱ्यालाच सापडतं.

वाड्यातला आरसेमहाल करायचा मोह प्रत्येकाला होतो. करा, पण दोन समोरासमोरच्या आरशांतला एक अंशभर तिरका ठेवा. अगदी समांतर ठेवले तर प्रतिमांची रांग आपल्याच डोक्यामागे लपते. थोडा तिरपा दिला की ती बाजूला वळत जाते आणि शेवटपर्यंत दिसते. तीन मिलिमीटरचा ॲक्रिलिक आरसा सुटा लावला तर फुगतो, चेहरे वेडेवाकडे होतात. १२ मिलिमीटर प्लायवर चिकटवा, पण व्हिनेगरसारख्या आंबट वासाच्या सिलिकॉनने नव्हे. ते आरशाची पाठ खातं, चार-आठ दिवसांत काळे ठिपके येतात. न्यूट्रल लिहिलेलं सिलिकॉन घ्या.

मोकळ्या मैदानावर, म्हणजे डोंगरे वसतिगृहासारख्या ठिकाणी, डिसेंबर-जानेवारीत मांडलं तर पहाटेचं दव आरशांवर बसतं. उघडण्याआधी तासभर दिवे आणि पंखे चालू ठेवायचे. त्याच दिवसांत दुपारची हवा कोरडी असते, पॉलिस्टर पुतळ्याला चिकटतं आणि निऱ्या मिटतात. किंचित ओलसर फडकं पुतळ्यावरून फिरवलं की सुटतात. रंगपंचमीच्या आठवड्यात जुन्या नाशकात काहीच मांडू नका, रहाडीतून, म्हणजे रंगाच्या हौदातून, निघालेला माणूस थेट आत येतो.

राहिली स्पर्शाची भिंत. माझ्या लेखी सगळं दालन हिच्यासाठी आहे. कापडाचे १२ बाय १८ इंचांचे तुकडे, चारी कडा दुमडून शिवलेले, फक्त वरून टांगलेले, खालून मोकळे. पैठणी, इरकल, खण, मलमल, आणि मुद्दाम शेजारी यंत्रमागावरची नकली पैठणी. उंची दोन: एक मोठ्यांच्या हाताला, एक मुलांच्या. पाठीमागे फळी नको, चौकट आरपार हवी, कारण इथेच पदर उलटायचा आहे. हातमागाच्या पैठणीत प्रत्येक रंगाचा बाणा वेगळ्या कांडीवर असतो आणि रंग जिथे बदलतो तिथे एक धागा दुसऱ्यात गुंतवून मागे फिरतो. त्यामुळे मागे लोंबणारे धागे नसतात, बांगडी मोर उलट्या बाजूलाही मोरच असतो. यंत्रावरच्या नकलेच्या पाठीवर मात्र लांबलांब मोकळे धागे किंवा कापलेल्या धाग्यांची लव असते, आणि अंगठीत अडकतात ते हेच. इथे एकही वाक्य लिहायला नको. फक्त दोन्ही तुकडे शेजारी. एखादी आजी येते, सवयीने पदर चिमटीत धरते, उलटा करते आणि नातीला म्हणते, “हे बघ गं, मागून पण तसाच.” मग शेजारचा उलटते.

शेजारी एक साधा ताणकाटा टांगा, त्याला पूर्ण पोशाखाचं गाठोडं. खाली ओढून बघू द्या, आकडा वाचू द्या. पोरं तिथून हलत नाहीत.

रेशमाला हाताचं तेल लागतं, तिसऱ्या दिवशी खालची कड मेणचट होते. म्हणून प्रत्येक कापडाचे सहा तुकडे आधीच शिवून ठेवायचे, दर तीन दिवसांनी बदलायचे. जरीला रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. परत करायची साडी घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर, मधे धुतलेली मलमल घेऊन गुंडाळायची.

दालन उतरवताना आधी आरसे, मग पुतळे, मग दिवे, आणि स्पर्शाची भिंत सगळ्यांत शेवटी. उतरवलेले तुकडे टाकून देऊ नका. प्रत्येकावर तारीख आणि जागा लिहून ओळीने मांडा आणि बघा, मळ कुठे बसलाय. दर्शनी बाजूवर बोटांचे ठसे सगळीकडे असतातच. पैठणीच्या तुकड्याची मागची बाजू, मोराच्या मानेपाशी, अंगठ्याएवढी काळवंडलेली निघाली, तर तो तुकडा वेगळा बांधून ठेवा. पुढच्या दालनाचा आराखडा त्याच्यावरून करायचा आहे.